दोन गाईंच्या रुंदीचा रस्ता

‘पाणंद’ हा शब्द अलीकडे मला वर्गात समजावून सांगावा लागतो. कादंबरीतला नायक पाणंदीतून घरी परततो, आणि पुढच्या बाकावरचा एखादा धीट मुलगा विचारतो, “सर, पाणंद म्हणजे?” मी सांगतो, दोन्ही बाजूंना गडगे किंवा कुंपण आणि मधून एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. मुले वहीत उतरवून घेतात. सरकारी योजनेच्या नावात कोणी ‘पाणंद रस्ते’ वाचले असतील, तर ओळख तेवढीच. पण ज्याने पावसाळ्यात पाणंदीतल्या चिखलात चप्पल गमावलेली नाही, त्याला हा शब्द व्याख्येने कसा कळावा?

तीच पाणंद मला २०२३ च्या जून महिन्यात पुन्हा भेटली. कोकणात नव्हे, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यात. तेच रचीव दगडांचे गडगे, तीच एकाच गाडीपुरती रुंदी, आणि चाकोऱ्यांच्या मधोमध तशीच उगवलेली गवताची शेंडी. आयरिश भाषेत तिला ‘बोहरीन’ म्हणतात. ‘बोहर’ म्हणजे रस्ता आणि ‘ईन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय. या ‘बोहर’मधला ‘बो’ म्हणजे गाय. जिच्यावर दोन गाई, एक उभी आणि एक आडवी, मावतील ती वाट म्हणजे ‘बोहर’, अशी जुनी आयरिश व्याख्या आहे. आणि हा ‘बो’ व आपला संस्कृत ‘गो’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. मराठीच्या प्राध्यापकाला परदेशात याहून मोठा आहेर तो कोणता मिळणार?

तिकडे जाण्याचे निमित्त माझा भाचा. डब्लिनमधल्या एका कंपनीत तो संगणकाचे काम करतो. तेव्हा त्याला तिथे सहा वर्षे झाली होती. सायकलचे वेड त्याला तिथेच लागले. “मामा, तू ये तर खरा, तुला खेडी दाखवतो,” असा त्याचा धोशा होता. निघताना ताईने लाडवांचा डबा दिला आणि बरोबर एक कामगिरीही दिली. “सायकलबियकल हवी तेवढी चालवा,” ती म्हणाली, “पण त्याला एकदा नीट विचार, परत कधी येणार म्हणून. मी विचारलं की नेमकं त्याचं नेटवर्क जातं.”

डब्लिनहून आगगाडीने सव्वातीन तासांवर वेस्टपोर्ट हे टुमदार गाव आहे. तिथे आम्ही दोन सायकली भाड्याने घेतल्या. दुकानदाराने गिअरची माहिती सांगितली, ती मी गंभीरपणे ऐकून घेतली. पुण्यात कॉलेजला जाताना माझ्या सायकलीला एकच गिअर होता, तो म्हणजे मी. बाकी अडचण काही आली नाही. तिथली वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावतात. शिवाय हवेच्या टायरचे पेटंट १८८८ साली घेणारा डनलॉप याच बेटावर, बेलफास्टमध्ये, गुरांचा डॉक्टर होता. म्हणजे तिथल्या रस्त्यांप्रमाणे तिथल्या सायकलीलाही गाईगुरांचा आशीर्वाद आहेच.

पहिल्या दिवशी निघालो ते लुइसबर्गच्या रस्त्याने. उजवीकडे असंख्य बेटे पोटात घेतलेली क्लू उपसागराची खाडी, डावीकडे क्रोक पॅट्रिकचा उभा सुळका. उंची ७६४ मीटर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काही तर अनवाणी. आळंदीच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मधूनच सर येई, पाच मिनिटांत ऊन पडे. समोरून मोटार आली की चालक सुकाणूवरचे एक बोट किंचित वर उचली. हा तिथला नमस्कार. पहिल्या तासाभरात मलाही त्याची सवय झाली आणि मी हात सोडून उत्तर देऊ लागलो, तेव्हा भाच्याने दम भरला, “मामा, मान हलवलीस तरी चालतं!”

एका बोहरीनच्या तोंडाशी वेगमर्यादेची पाटी होती: ८०. दोन गाईंच्या त्या वाटेवर ८० च्या वेगाने जायला गाईसुद्धा तयार झाल्या नसत्या. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा ग्रामीण रस्त्यांची मर्यादा ६० वर आणली, हे वाचून मला हायसे वाटले.

लुइसबर्ग सोडल्यावर मात्र रस्ता एकदम एकटा पडतो. घरे मागे राहतात. दोन्ही बाजूंना तपकिरी-हिरवे डोंगर, मध्ये डूलॉख नावाचे काळसर पाण्याचे लांबट तळे, आणि अंगावर निळ्या-तांबड्या रंगाच्या खुणा असलेल्या मेंढ्या. सायकलच्या साखळीचा आवाजही मोठा वाटावा इतकी शांतता. “याच्यासाठी मी दर महिन्याला येतो,” भाचा म्हणाला. मीही मनात म्हटले, सुख सुख म्हणतात ते हेच.

आणि तेवढ्यात रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस दिसला. आम्ही उतरलो. १८४९ च्या मार्चअखेरीस, बटाट्याच्या दुष्काळात, लुइसबर्गला मदतीसाठी जमलेल्या शेकडो भुकेल्या माणसांना तपासणीसाठी सुमारे बारा मैलांवरच्या डेल्फी येथील बंगल्यावर हजर राहायला सांगितले गेले. माणसे थंडीवाऱ्यात याच खोऱ्यातून चालत गेली. तिथून रिकाम्या हातांनी परत फिरवली गेली, आणि परतीच्या वाटेवर त्यांतली कितीतरी इथेच पडली. त्यांच्या स्मरणार्थ हा दगड आहे. त्यावर महात्मा गांधींचे एक वचन कोरलेले आहे. घरापासून हजारो मैलांवर, मेंढ्यांच्या सोबतीत, ते नाव वाचताना मी नकळत डोक्यावरचे हेल्मेट काढून हातात घेतले.

संध्याकाळी (तिथे जूनमध्ये रात्री दहालाही संध्याकाळच असते) भाच्याने मला आकडे सांगितले. १८४१ साली मेयो परगण्याची वस्ती सुमारे ३ लाख ८९ हजार होती. २०२२ च्या जनगणनेत ती १ लाख ३८ हजारांच्या आसपास आहे. साऱ्या बेटाची लोकसंख्या १८४१ मध्ये ८० लाखांवर होती. दोन्ही आयर्लंड मिळून आज ती ७० लाखांच्या घरात आहे, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतरही मूळ आकडा गाठलेला नाही. दहा लाखांच्या आसपास माणसे दुष्काळात मेली, तितकीच परदेशी गेली, आणि जाण्याचा तो ओघ पुढे शंभर वर्षे थांबला नाही. दुष्काळी कामांवर मार्च १८४७ मध्ये सात लाखांहून अधिक माणसे राबत होती. त्यांनी खडी फोडून रस्ते केले; त्यांतले काही कुठेच न जाता माळावर मध्येच संपतात. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही.

त्या रात्री मला झोप लवकर लागली नाही. सायकलवाल्याला स्वर्ग वाटावा अशी ती जागा, आणि तिचे गणित इतके सरळ होते: दुप्पट-तिप्पट माणसांसाठी वाटा पडल्या, माणसे गेली, वाटा उरल्या. दिवसभर मी जिचा आनंद घेतला ती शांतता कोणाच्या तरी नसण्याची होती.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता वेस्टपोर्टहून न्यूपोर्ट, मलरॅनी असा ॲकिल बेटाच्या दाराशी जाणारा. हा ४२ किलोमीटरचा मार्ग मोटारींसाठी नाहीच. ही जुनी आगगाडीची वाट. १८९५ साली गाडी ॲकिलपर्यंत पोचली आणि १९३७ साली बंद झाली. रूळ निघाले, जमीन आसपासच्या शेतकऱ्यांकडे गेली. पुढे त्यांनीच आपल्या शेतांतून जाऊ देण्याची संमती दिली, म्हणून २०१०-११ मध्ये हा सायकलमार्ग उभा राहिला. आगगाडीला मोठा चढ चालत नाही, त्यामुळे चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकालाही हा रस्ता झेपतो. कडेला काटेरी हॉथॉर्न, लालचुटूक फ्युशियाची कुंपणे, फाटकांमागून पाहणाऱ्या गाई, आणि पलीकडे सतत समुद्र.

पण या वाटेचीही एक गोष्ट आहे. सतराव्या शतकात ब्रायन रुआ नावाच्या द्रष्ट्याने भाकीत केले होते म्हणे, की लोखंडी चाकांच्या, धूर ओकणाऱ्या गाड्या ॲकिलला येतील आणि पहिली व शेवटची गाडी प्रेते घेऊन येईल. १४ जून १८९४ रोजी ॲकिलची तरुण मुलेमुली स्कॉटलंडला बटाटे काढण्याच्या हंगामी कामाला निघाली होती. ग्लासगोच्या आगबोटीकडे जाताना वेस्टपोर्टजवळ त्यांची होडी उलटली आणि ३२ जण बुडाले. मार्ग रीतसर सुरू होण्याआधीच खास गाडी सोडून त्यांची प्रेते गावी नेली. १९३७ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमध्येच, कर्किंटिलॉक येथे, झोपायच्या जागेला आग लागून ॲकिलचे दहा तरुण मजूर जळून गेले. त्यांना घेऊन आलेली गाडी या मार्गावरच्या शेवटच्या गाड्यांपैकी होती. भाकीत खरे की मागाहून रचलेले, हा वाद विद्वानांनी घालावा. माणसे पोटासाठी जात होती, एवढे त्यात निर्विवाद खरे आहे.

मलरॅनीला चहा घ्यायला थांबलो, तेव्हा शेजारच्या टेबलावर लंडनहून सुट्टीला आलेला एक गृहस्थ बसला होता. हॉटेलच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला पाहताच विचारले, कधी आलास घरी? आणि त्याच श्वासात, परत कधी जाणार? मला हसू आवरेना. गणपतीला गावी गेलेल्या प्रत्येक चाकरमान्याला आमच्याकडे हेच दोन प्रश्न याच क्रमाने विचारतात: “कधी इलंस? कधी जातलंस?”

ॲकिल बेट पुलाने जोडलेले आहे. तिथे स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी एक सोडलेले गाव आहे: दगडी घरांच्या ऐंशी-शंभर भिंती, छप्पर एकालाही नाही. उतारावर बटाट्याच्या वाफ्यांचे वरंबे अजून स्पष्ट दिसतात. आम्ही सायकली गडग्याला टेकवल्या आणि एका घराच्या उंबऱ्यावर बसलो. लाडवांचा डबा उघडला.

“मामा, आईने तुला काहीतरी विचारायला सांगितलंय ना?” भाचाच म्हणाला.

“हो.”

“मग विचार की.”

“परत कधी येणार?”

तो थोडा वेळ लाडवाचा चुरा बोटाने गोळा करीत राहिला. “मी आईला पाच वर्षं सांगितली होती. सहा झाली. आता आकडा सांगायचा नाही असं ठरवलंय. आकडा सांगितला की ती कॅलेंडरवर खुणा करते.” मग जरा थांबून म्हणाला, “आजोबा कोकणातून पुण्याला आले, तेव्हा पणजीला काय सांगून आले होते?”

मला ते ठाऊक होते. वडील १९६२ साली एक ट्रंक घेऊन निघाले. आजी पाणंदीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. “चार वर्षांत बस्तान बसवतो आणि येतो,” असे ते तिला म्हणाले. तेच वाक्य ते निवृत्त होईपर्यंत आम्हांला ऐकवीत असत. ते घर अजून उभे आहे. किल्ली शेजाऱ्यांकडे असते आणि गणपतीचे पाच दिवस आम्ही ते उघडतो.

“चार,” मी म्हणालो.

तो हसला, पण फार नाही. मग त्याने डर्व्हला मर्फीची गोष्ट काढली. ती याच देशातली, दक्षिणेकडच्या लिझमोर गावची. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले, तेव्हाच तिने भारतात सायकलने जायचे ठरवले, आणि १९६३ साली खरोखरच ती युरोप, इराण, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीला पोचली. पुढे १९७३ मध्ये लहान मुलीला घेऊन ती मुंबईत उतरली आणि कुर्गकडे गेली. उभे आयुष्य हिंडली, पण राहिली लिझमोरलाच, आणि २०२२ साली वारलीही तिथेच. “म्हणजे परत येणारी माणसं असतात,” तो म्हणाला. “मी त्यांतला आहे की नाही, ते मलाच अजून कळलेलं नाही. आईला हे कसं सांगायचं?”

मी काही बोललो नाही. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारतीय नागरिक ४५ हजारांवर होते. ज्या परगण्यांतून माणसे गेली, त्या देशात आता आपली माणसे येत आहेत. आणि इथे भरलेल्या प्रत्येक खुर्चीमागे तिकडे कुठेतरी झाकून ठेवलेले एक अंथरूण आहे. समोरच्या भिंतीवर एक मेंढी चढून आमच्याकडे पाहत होती. तिच्यापुढे दोघांनीही डोळे पुसण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून आम्ही सायकलींची हवा तपासली.

रात्री ताईचा फोन आला. तिकडे पहाट होती. ती जागीच असावी.

“विचारलंस?”

“विचारलं. त्याला अजून ठरवता येत नाहीये, ताई. तुला खोटा आकडा सांगायचा नाही म्हणाला.”

बराच वेळ ती गप्प होती. या वेळी नेटवर्क गेले नव्हते. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“सायकल चालवताना डोक्यावर ते घालतो ना?” तिने विचारले.

“घालतो,” मी म्हणालो. “मलाही घालायला लावतो.”