राखोलीच्या भोरड्या

माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तो ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर गेला. कशासाठी, तर पक्षी पाहण्यासाठी! आफ्रिकेत हिवाळा काढलेले असंख्य पक्षी वसंतात भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात परततात आणि वाटेतील बेटांवर श्रमून उतरतात. ते पाहण्यास देशोदेशीची माणसे गळ्यात दुर्बिणी अडकवून तेथे जमतात. गर्दी ओसरल्यावर गेलेल्या माझ्या भाच्याला मात्र तेथे निराळेच काही भेटले. त्याने आईला फोन केला तो ओरडतच, "आई, बाबांना सांग, इथं आपली भोरडी आहे! राखोलीची!"

भोरडी म्हणजे गुलाबी मैना. डोके, पंख नि शेपटी काळी, मधले अंग गुलाबी आणि डोक्यावर मागे झुकलेला तुरा. पळसाच्या फुलांवर तुटून पडते म्हणून कोणी तिला पळसमैनाही म्हणतात. मध्य आशियापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या गवताळ प्रदेशात, टोळांचा सुकाळ असतो त्या मे-जून महिन्यांत, ती पिल्ले वाढवते. एखाद्या वर्षी तिचे थवे आणखी पश्चिमेस सरकून ग्रीसच्या बेटांपर्यंत जातात. पिल्ले उडू लागली की सारा कबिला हिंदुस्थानाकडे वळतो. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत ती आपल्याकडेच असते. आमचे भावजी म्हणतात, "वर्षातले आठ महिने राहणाऱ्याला पाहुणा म्हणणारे आपण कोण? आणि आपण तरी इथले केव्हा झालो?"

'इथले' म्हणजे सिल्वासाचे. ताई आणि भावजी तेथे जाऊन चाळीस वर्षे होत आली. आम्हां बडोदेकरांना दादरा-नगरहवेली म्हणजे वापी स्टेशनावर उतरून जाण्याचे एक आडगाव, एवढीच कल्पना होती. परंतु या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे एक जहाज पकडले, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९च्या तहान्वये या भागाचा वसूल त्यांना तोडून दिला आणि १७८३ मध्ये नगरहवेली त्यांच्या ताब्यात गेली. ती सोडवण्यासाठी २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वाशात शिरलेल्या तरुणांत मराठी मंडळी पुष्कळ होती. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्यापैकीच एक. पुढे १९६१ मध्ये हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२० मध्ये दमण-दीवशी जोडला गेला. असो. आमचे भावजी या इतिहासात रमणारे नव्हेत. त्यांना ओढ दमणगंगेची, आणि त्यातही खानवेलच्या रस्त्यावर राखोलीला जो पूल आहे तेथील नदीची.

तेथे जाऊन ते वही लिहितात. दरवर्षी भोरड्या प्रथम कधी दिसल्या आणि शेवटी कधी दिसल्या, एवढे त्यांचे व्रत. पहिल्या तारखेचे सोपे आहे. दिसल्या की लिहिले. शेवटची तारीख मात्र त्या दिवशी कधीच कळत नाही. रोज 'आज दिसल्या' असे लिहीत जायचे. मग आठ-दहा दिवस सुने गेले की मागची नोंद शेवटची ठरते आणि भावजी तिच्याखाली तांबडी रेघ ओढतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचे दिसते, पण नळीतून पाहावे तसे. कडेचे सारे पुसले गेले आहे. "आणि पक्षी तर नेहमी कडेनेच येतो," एवढेच ते म्हणतात. यंदा पाडव्याच्या सुमारास त्यांचा फोन आला, "चार दिवस येऊन जा. मला डोळे उसने हवेत." मला चिमणी-कावळ्यापलीकडे फारसे कळत नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी बोलावले म्हणून गेले.

पहाटे रिक्षाने राखोलीच्या पुलावर पोहोचलो. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा वर मधुबन धरणात अडते आणि चैत्रात येथे तिचे पात्र पुष्कळसे उघडे पडते. खडकांमधून पाण्याचे पाट, काठाला बगळे, मध्येच एका दगडावर पंख पसरून वाळवणारा पाणकावळा. पुलावरून मालमोटारी धडधडत जात होत्या. करसवलतींमुळे या भागात कारखाने आले आणि रस्त्याला उसंत राहिली नाही. दोन गाड्यांच्या मध्ये जेवढी शांतता सापडे तेवढ्यात भावजी कान देत. "धोबी बोलला. शेपटी हलवतोय का, पाहा." खरोखरच खाली ओल्या वाळूवर एक काळा-पांढरा पक्षी शेपटी वरखाली करीत धावत होता. विजेच्या तारेवर भिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या. त्याही जाणाऱ्या. लेस्बॉसवर वसंत म्हणजे आगमन. आपल्याकडे कोकिळेच्या गडबडीत ध्यानात येत नाही, पण थंडीच्या पाहुण्यांची हीच निघण्याची वेळ.

पूल सोडून आम्ही आत एका वारली पाड्याच्या वाटेने निघालो. कुडाच्या घरांपुढे मोहाची फुले वाळत घातली होती, त्यांचा गोडसर वास सर्वत्र भरला होता. एवढ्यात आंब्याच्या राईतून पावशाने चढता सूर लावला. आपल्याला तो 'पेरते व्हा' म्हणतो. हिंदी मुलखात तोच 'पी कहाँ' विचारतो. भावजी थांबले आणि हसून म्हणाले, "बंगाल्यांना तो काय म्हणताना ऐकू येतो, ठाऊक आहे? 'चोख गेलो'. म्हणजे, डोळे गेले!" मला हसता येईना. ते मात्र पुढे चालूही लागले होते, काठीने बांध चाचपत.

त्यांच्या वहीत १९९१ साली काढलेला एक नकाशा आहे. त्यात या वाटेवर अकरा पळस दाखवले आहेत. मला चार सापडले. उरलेल्यांच्या जागी कोठे कुंपणाची भिंत होती, कोठे रुंदावलेला रस्ता. मी आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी पुन्हा मोजायला लावले. पुन्हा चारच. चौघांपैकी तिघांची फुले झडून गेली होती. शेवटच्या एकावर शेंड्याला तेवढा केशरी जाळ शिल्लक होता. पळसाचे फूल राघूच्या चोचीसारखे वाकडे. 'हा शुक तर नव्हे?' या प्रश्नातूनच किंशुक हे त्याचे नाव आले, असे सांगतात.

तेथे आम्ही बसलो. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, चिमुकला शिंजीर फुलात चोच खुपसून गेला. तांबटाची टुकटुक दुपारपर्यंत चालूच होती. ताईने दिलेल्या दशम्या खाल्ल्या. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढले, तशी भावजींची अस्वस्थता मला जाणवू लागली. ते बोलत नव्हते. आदल्या दिवशी शेजारच्या मुलाला काही दिसले नव्हते, त्याच्या आदल्या दिवशीही नाही.

पाड्यावरचा एक मुलगा गलोल गळ्यात घालून आमच्यापाशी उभा राहिला. मी जरा दरडावण्याच्या बेतात होते, भावजींनी खुणेने थांबवले आणि त्यालाच विचारले, "भोरड्या कुठं पाहिल्यास?" त्याने मान वळवून नदीपलीकडच्या सावरीकडे बोट केले. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर तर, वसंतात परतणाऱ्या होल्यांची नि लाव्यांची शिकार चालू ठेवावी की नाही, यावर २०१५ साली सार्वमत झाले, आणि शिकारीच्या बाजूचे लोक निसटत्या बहुमताने जिंकले. त्यापुढे या पोराची गलोल ती काय!

साडेअकराच्या सुमारास ते आले. आधी आवाज: तव्यावर तिळाची फोडणी तडतडावी तसा. मग नदीवरून एक काळसर चादर झटकल्यासारखी वळली आणि क्षणात पळस भरून गेला. उन्हात त्यांची गुलाबी पाठ दिसली आणि मी चक्क उभी राहिले. भावजींचे तोंड आवाजाकडे होते, पण झाडापासून जरा डावीकडे. मी त्यांच्या खांद्याला धरून हलकेच वळवले.

"किती?"

"पुष्कळ."

"पुष्कळ लिहिता येत नाही. दहा मोज. तेवढा गठ्ठा डोळ्यात धर. आता झाडावर तसे किती गठ्ठे मावतात ते सांग."

मी मोजले, चुकले, पुन्हा मोजले. तो मुलगाही शेजारी बोटे मोडीत मोजत होता. माझे साठ आले, त्याचे सत्तर. "पासष्ट लिही," भावजी म्हणाले. "रंग कसा आहे? फिका की चढलेला?" वसंतात पिसांची मळकी टोके झिजून जातात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो, हे त्यांनीच मला मागाहून समजावले. मी म्हटले, "ताईच्या लग्नातल्या शेल्यासारखा." त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तेवढ्यात पुलावर कुणी मोठा भोंगा वाजवला आणि सारा थवा उठून वायव्येकडे गेला.

परतताना रिक्षात ते मारुती चितमपल्लींविषयी सांगत होते. पक्ष्यांची मराठी नावे त्या माणसाने गावोगावच्या रानांतून गोळा केली, 'पक्षिकोश' सिद्ध केला. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. "माझ्या मुलाच्या तोंडून तिकडे 'भोरडी' हा शब्द निघाला ना," भावजी म्हणाले, "मग झालं." घरी आल्यावर नोंद मी केली: राखोली, पळस, ११.३५, अंदाजे ६५, रंग चढलेला. माझ्या अक्षराबद्दल त्यांनी कुरकूर केली ती वेगळीच.

मी बडोद्याला परतले. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. पाड्यावरचा तो मुलगा एक दिवसाआड शेजारच्यांच्या फोनवर 'नाहीत' एवढा निरोप देतो. पाचही निरोप तसेच आले. त्या संध्याकाळी भावजींनी वही मागवली आणि माझ्या नोंदीखाली तांबडी रेघ ओढायला ताईला सांगितले. रेघ वाकडी आली, असे ती म्हणाली.