वहीतली घरे

स्मरणिकेसाठी चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. १९२७ च्या त्या लढ्यावर माझ्याहून अधिकारी मंडळींनी विपुल लिहिले आहे. मी माझ्या चित्रवह्यांविषयी लिहितो. इतिहासाच्या शिक्षकाने चित्रकलेत लुडबुड करू नये, हे आमच्या कलाशिक्षकांनी मला वेळोवेळी ऐकवलेलेच आहे.

या सवयीचे मूळ गांधारपाले येथे आहे. महाडलगतच्या त्या बुद्धलेण्यांत मी मुलांची सहल नेली होती. कुमार कानभोज विष्णुपालित याच्या दानाचा ब्राह्मी लेख मी समजावून सांगत होतो आणि मुले टिपणे घेत होती. आठवीतील एक मुलगा मात्र खाली मान घालून निळ्या बॉलपेनने विहाराचा खांब काढत बसला होता. मी त्याच्यावर रागावलो. रात्री वसतिगृहात वह्या तपासताना त्याचे पान समोर आले. खांबाचा तडा, छतावरचे ओलीचे डाग, कोपऱ्यातली वटवाघळे, सारे त्यात होते. मी त्या विहारात कितीतरी वेळा गेलो होतो. त्यातले एकही मला आठवेना. दुसऱ्या दिवशी त्याची क्षमा मागितली आणि पोलादपुरातून स्वतःसाठी एक कोरी वही आणली.

बॉलपेनची रेघ पाण्याने फुटत नाही, म्हणून तिच्यावर जलरंग निर्धास्त लावता येतो. जेलपेनची शाई पसरते. मार्कर पातळ कागदातून पलीकडे उतरतो, तेव्हा पानाची मागची बाजू कोरी सोडून तिथे गाव, तिथी एवढेच लिहायचे. आषाढ-श्रावणात कापड्याची हवा इतकी ओली असते की रंग तासन्‌तास वाळत नाही आणि पानाला पान चिकटते. भोजनगृहातल्या मावशींच्या चुलीच्या उबेवर मी कित्येक चित्रे वाळवली आहेत. काहींना धुराचा वासही आहे.

२२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचला. त्याच पावसात आपल्या तालुक्यातील साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडींनी माणसे नेली. पुढे काही दिवसांनी मी जुन्या वह्या काढून बसलो. त्यांत डोंगर होते, लेणी होती, ढग तर भरपूर होते. वाडीतले घर म्हणावे असे जवळजवळ एकही नव्हते. असलेच तर उतारावरचा लाल ठिपका. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव कातळात टिकले आणि आमच्या आयाबहिणींनी सारवलेल्या भिंतींची नोंद माझ्यासारख्याच्या वहीतही नसावी, याची मला लाज वाटली.

परमपूज्य बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात चित्रकार मडिलगेकर यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतले आणि मिटल्या डोळ्यांऐवजी उघड्या डोळ्यांचे बुद्ध चितारले. ही हकीकत मी दर बुद्धपौर्णिमेला मुलांना सांगत आलो होतो.

त्या वर्षापासून रविवारी एखाद्या वाडीत जातो. दोन-चार मुले सोबत असतात. एलिमेंटरी परीक्षेतल्या स्मरणचित्राचा त्यांना सरावही होतो. उभे घर काढणे सोपे. कठीण आहे ते गेलेले घर, कारण ते दुसऱ्याच्या आठवणीतून काढावे लागते. मागच्या उन्हाळ्यात धोक्याच्या उतारावरून उठून आलेल्या एका आजींजवळ बसलो होतो. त्या सांगत होत्या, मी बॉलपेनने काढत होतो. पडवी, ओटी, माजघर, गोठा. भिंतीला गेरू लावला, कौलांवर तपकिरी मार्कर फिरवला. आजींनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, जरा लांब धरली.

"गुरुजी, चूल हितं नव्हती," त्या म्हणाल्या. "खिडकीखाली होती. भाकरी करताना मला वाट दिसायची."

मी पान उलटून पुन्हा पडवीपासून सुरुवात केली.