मंडप किती घरांचा?

सार्वजनिक मंडळांचे हिशोब तपासणे हे माझे काम. गणेशोत्सव किंवा नवरात्र उरकले की मंडळाचा अहवाल येतो आणि बहुतेकांची नजर आधी खर्चाच्या बाजूकडे जाते. मंडप इतका, मूर्ती इतकी, रोषणाई इतकी, महाप्रसाद इतका. मी जमेची बाजू आधी वाचतो. दहा दिवसांसाठी उभा राहणारा देखावा कसा होणार, त्याला कोणाकोणाचे हात लागणार आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा राहील की नाही, हे सजावटकाराने पहिला बांबू रोवण्याच्या कितीतरी आधी याच बाजूला ठरून गेलेले असते. जमेची एकूण रक्कम ठळक अक्षरांत छापलेली असते, पण ती किती घरांतून आली हा आकडा क्वचितच कुठे सापडतो. मंडळ किती भक्कम आहे ते या न छापलेल्या आकड्यावरून कळते, असे माझे मत आहे. धसईसारख्या गावात मोठा मंडप उभारायचा असेल तर वर्गणीची आखणी घरे मोजून करावी, रुपये मोजून करू नये.

धसईचे नाव मी मुद्दाम घेतो आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले हे गाव म्हणजे आसपासच्या गावपाड्यांची बाजारपेठ. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली आणि महिनाही उलटण्याआधी, १ डिसेंबरला, राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून धसईची घोषणा झाली. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार त्यासाठी आले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठानने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्डाची यंत्रे दिली. भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे कार्ड चालते, याची चर्चा देशभर गाजली. पुढे नोटा पुन्हा मिळू लागल्या तसा व्यवहारही बराचसा रोखीकडे परतल्याच्या बातम्या आल्या. याला कोणी फसलेला प्रयोग म्हणेल, पण मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. पैसे देण्याचे साधन एका दिवसात गावात आणता येते. गावातला पैसा मात्र पिकाच्या, मजुरीच्या आणि उधारीच्या वेळापत्रकाने हलतो आणि यंत्र आले म्हणून ते वेळापत्रक बदलत नाही. वर्गणीची आखणी करणाऱ्याने आधी हे वेळापत्रक समजून घेतले पाहिजे.

ते समजून घेतले की शहरातल्या मंडळाची पद्धत इथे का चालत नाही ते लगेच कळते. भाद्रपदात मुरबाड-शहापूर पट्ट्यातली लावणी आटोपलेली असते आणि भात पोटरीत असते. बियाणे, खत, लावणीची मजुरी यांत घरातली रोकड गेलेली असते आणि नवे धान्य अजून दूर असते. म्हणजे गणपतीच्या दिवसांत शेतकरी घराच्या हाती वर्षातला सर्वांत कमी पैसा असतो. नवरात्रापर्यंत हळवे भात तयार होऊ लागते, पण गरव्याला अजून वेळ असतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांनी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती आधीच कशात तरी गुंतलेली असते. अशा वेळी दारात जाऊन ठरावीक रकमेची पावती फाडणे म्हणजे अर्धे गाव वर्गणीबाहेर ठेवणे. आणि याच दिवसांत याच घरांकडे दुसरे पुष्कळ काही असते. बांधावरचा बांबू असतो, भाताचा पेंढा असतो, लावणी संपल्यामुळे हाताला थोडी सवड असते. वासा कसा रोवावा, गाठ कशी मारली म्हणजे पावसात ढिली पडत नाही, ताडपत्रीला उतार कुठे द्यावा, हे ज्ञानही असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी भाद्रपदातला पाऊस सोसणारा मंडप बांधायचा तर हे ज्ञान कोणत्याही भाड्याच्या पडद्यापेक्षा मोलाचे आहे.

अडचण एवढीच की हे सारे वहीत येत नाही. ज्याने पाचशे रुपये दिले त्याचे नाव फलकावर लागते, पण ज्याने वीस बांबू तोडून आणले त्याचे नाव कुठेच नसते. दोन वर्षे असे झाले की तो माणूस मंडपाकडे पाहुणा म्हणून येऊ लागतो. हिशोबाच्या दृष्टीने यावर अगदी साधा उपाय आहे. वस्तू कायमची दिली असेल तर बाजारभावाने तिची किंमत ठरवून जमेला देणगी आणि खर्चाला मंडप-साहित्य अशी दोन्ही बाजूंना नोंद करावी आणि तिचीही पावती द्यावी. वस्तू वापरून परत करायची असेल, म्हणजे कोणाचे वासे, आरासीसाठी आणलेल्या कोणाच्या साड्या, कोणाची ताडपत्री, तर ती देणगी नव्हे. तिची वेगळी यादी ठेवावी आणि परत केल्याची सही घ्यावी. श्रमदानाला रुपयांचा आकडा लावू नये. किती जणांनी किती दिवस काम केले ते नावांनिशी अहवालात छापावे. या तीन नोंदी केल्या की धसईच्या एखाद्या मंडळाची जमा बरीच मोठी दिसेल आणि तिच्यातली घरेही वाढतील.

आता प्रश्न असा की जमा कुठूनही आली तरी देखावा सारखाच दिसणार नाही का? नाही दिसत. निम्म्याहून जास्त रक्कम एकाच हातून आली की प्रवेशद्वाराची कमान त्या हाताची होते. फ्लेक्सवर गणपतीपेक्षा छायाचित्रे मोठी होतात. देखाव्याचा विषय देणाऱ्याच्या सोयीने ठरतो, बाहेरचा डेकोरेटर तयार सांगाडा आणून उभा करतो आणि गावच्या तरुणांकडे खुर्च्या मांडण्याचे काम उरते. निवडणूक सरली, देणाऱ्याचे प्लॉट विकून झाले, की पुढच्या वर्षी तो येत नाही. मग मंडळाला मोठ्या मंडपाची सवय लागलेली असते, पण घरोघर जाण्याची सवय सुटलेली असते.

यावर कोलकात्याचे उदाहरण दिले जाईल, आणि ते बिनतोड वाटावे असेच आहे. तिथल्या दुर्गापूजेचे मंडप ही आज जगातली एक मोठी तात्पुरती कला आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने या पूजेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासात पश्चिम बंगालमधल्या २०१९ च्या पूजेभोवतीच्या सर्जनशील उद्योगांची उलाढाल सुमारे ३२ हजार कोटी रुपये काढली होती. विषय घेऊन केलेल्या तिथल्या मंडपांना कंपन्यांच्या जाहिरातींनी बळ दिले आणि त्यातून उत्तम कलावंत पुढे आले, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण त्या मंडपांसमोरून लाखो लोक जातात म्हणून जाहिरातदार येतो. धसईत ती गर्दी नाही, म्हणून तो जाहिरातदारही नाही. शिवाय बंगालमध्येच दुसरा धडाही आहे. तिथल्या सरकारने २०१८ मध्ये प्रत्येक पूजा समितीला १० हजार रुपये अनुदान सुरू केले आणि २०२५ पर्यंत ते १ लाख १० हजारांवर गेले. २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर काही समित्यांनी निषेध म्हणून ८५ हजारांचे अनुदान नाकारले. असा नकार त्याच समितीला परवडतो जिच्या पाठीशी स्वतःची जमा असते. एका हाताने दिलेल्या पैशात ही मोकळीक नसते, मग तो हात सरकारचा असो, कंपनीचा असो की पुढाऱ्याचा.

आपल्याकडची सुरुवातही लहान हातांचीच आहे. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला तो चाळकऱ्यांच्या बळावर, आणि त्या मंडळाने आजवर साधेपणा सोडलेला नाही. १९३४ मध्ये लालबागचा राजा बसवला तो बाजाराची जागा गेलेल्या कोळ्यांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी, हक्काच्या बाजाराचा नवस फेडताना. आज तिथली जमा दर्शनाला येणाऱ्यांच्या दानपेटीतून होते. किंग्ज सर्कलच्या जी. एस. बी. सेवा मंडळाचा विमा २०२४ मध्ये ४०० कोटींच्या वर गेला होता. या मोठ्या मंडळांना मी नावे ठेवत नाही. पण खेड्यातल्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांसमोर त्यांचे आजचे रूप ठेवू नये, १९३४ चे ठेवावे.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप सक्तीचा आहे. घरे मोजायची म्हटले की कार्यकर्ते प्रत्येक दार ठोठावणार, आणि लहान गावात नाही म्हणणे शहरापेक्षा अवघड असते. हा आक्षेप खरा आहे, कारण नाही म्हणता आले नाही तर सणाचा भार घराला झेपेनासा होतो. ठाणे जिल्ह्यातच बेलापूरजवळच्या आग्रोळी गावाने १९६१ मध्ये ‘एक गाव एक गणपती’ स्वीकारला तो सणासाठी घरे कर्जात जाऊ लागली म्हणून. सणाचा खर्च सर्वांनी मिळून उचलला तर तो हलका होतो, हे त्या गावाने तेव्हाच दाखवले. सक्ती टाळायची तर दर ठरवू नये, रक्कम किंवा वस्तू घरानेच ठरवावी आणि नकाराची नोंद कुठेही करू नये. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली, नोंदणी नसलेल्या मंडळानेही वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते आणि नंतर हिशोब द्यायचा असतो. खेड्यात पुष्कळ ठिकाणी हे कोणाला ठाऊकही नसते. परवानगीचा क्रमांक छापलेली पावती हाती असली की देणाऱ्याला धीर येतो आणि मागणाऱ्यावर वचक राहतो.

दुसरा आक्षेप उधळपट्टीचा. दहा दिवसांत मोडणाऱ्या गोष्टीवर पैसा कशाला, शाळेला खोली बांधा, असे म्हणतात. शाळेची खोली हे शासनाचे आणि जिल्हा परिषदेचे कर्तव्य आहे, ते वर्गणीवर ढकलणे मला पटत नाही. आणि तात्पुरते म्हणून वाया गेले, हे या भागाला तरी सांगू नये. वारली घरात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिला जातो तो त्या लग्नापुरताच. पुढच्या लग्नाला नवा लिहितात, म्हणूनच लिहिणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिले. मंडपाचेही तसेच आहे. बांबू पुन्हा वापरता येतो, पेंढा गोठ्यात जातो, मजुरी गावात राहते. उधळपट्टी होते ती भाड्याने आणलेल्या आणि फेकून द्यायच्या सामानावर. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी घातली तेव्हा अनेक मंडळांची धावपळ झाली. गावातल्या साहित्यावर उभ्या राहणाऱ्या मंडपाला अशी धास्ती नसते.

राहिला वर्गणीसाठी लावायचा क्यूआर कोड. नोकरीसाठी कल्याण-ठाण्याला गेलेल्या मुलांची वर्गणी त्यावर येते, ही चांगलीच सोय आहे. मात्र तो कोड मंडळाच्या नावाच्या खात्याचा असावा, कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइलचा कधीही नसावा. एकाच खात्यात घरखर्च आणि वर्गणी मिसळली की अगदी प्रामाणिक माणसालाही हिशोब पटवून देता येत नाही आणि गावात संशय एकदा शिरला की मंडळ फुटते. आणि कोड लावला म्हणून दारी जाणे थांबवू नये. देखावा कसला करायचा, चलचित्रात कोणाला घ्यायचे, बांबू कोणाकडे आहे, ही बोलणी ओसरीवरच होतात.

धसईच्या आणि आसपासच्या गावांतल्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी परवानगीचा अर्ज करा. वस्तू आणि श्रम देणाऱ्यांची पाने वहीत आधीच आखून ठेवा. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि त्याच्या पहिल्या ओळीत एकूण घरे किती आणि देणारी घरे किती ते लिहा. आणि वाचकहो, तुम्ही ज्या गावचे असाल तिथल्या मंडळाला वर्गणी देताना पावती मागून घ्या, आणि त्या जमाखर्चाचा कागदही मागा.