सत्तावीस श्वास



परवा मंदिरात स्वाध्याय संपल्यावर एकीने विचारले, "काकू, तुमची नात सीएचा अभ्यास करते, मग योगासनांना वेळ कुठून काढते?" चप्पल घालता घालता मी दोन वाक्यांत उत्तर दिले. पण खरे उत्तर मोठे आहे आणि त्यात माझी एक चूकही आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

बारावी झाल्यावर नात सीए फाउंडेशनच्या क्लाससाठी आमच्याकडे सांगलीला राहायला आली. सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका आणि रात्री एक वाजेपर्यंत टेबलावर वाकलेली. चार पेपर, एकूण ४०० गुण. प्रत्येक पेपरात किमान ४० हवेत आणि सगळे मिळून निम्मे, म्हणजे २०० हवेत. दोन महिन्यांत पोरीची मान आखडली, खांदे कानाला लागल्यासारखे वर चढले. अंथरुणावर पडली तरी तासतासभर झोप नाही. एकच पान तीनदा वाचायची आणि "काही डोक्यातच राहत नाही" म्हणून रडायची.

मी काय केले? फर्मान काढले, "उद्यापासून योग करायचा!" पहाटे पाचला उठवायचे, मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि तो दाखवेल ते करायला लावायचे. चौथ्या दिवशी तिने व्हिडिओ बघून शीर्षासन केले आणि तिची मान धरली. डॉक्टरांनी आठ दिवस सगळे बंद ठेवायला सांगितले. त्या दिवशी मान शेकताना ती म्हणाली, "आज्जी, पेपर चार आहेत. तुझा योग हा माझा पाचवा पेपर झालाय."

ते वाक्य मला फार लागले. रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. हिच्या मागे मी एवढी का लागले आहे? मी बी.कॉम. झाले तेव्हा मलाही सीए व्हायचे होते. लग्न ठरले आणि ते राहिले. मला त्याचे काही वाटत नाही, असे मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण ती क्लासला गेली की तिची अकाउंटिंगची पुस्तके मी उघडून बघत होते, हे माझे मलाच माहीत. तिची तब्येत सुधारावी असे मला वाटत होते हे खरे, पण ती माझ्यासाठीही पास व्हावी अशी इच्छा त्यात मिसळलेली होती.

त्याच आठवड्यात स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय सुरू झाला. अनेकदा ऐकलेला, पण त्या दिवशी नव्याने ऐकल्यासारखा वाटला. तिथे 'योग' म्हणजे काया, वाचा आणि मन यांची क्रिया, आणि तेच कर्माच्या आस्रवाचे दार. त्यांना आवर घालणे ही गुप्ती. माझ्या मनात आले, या पोरीचे तिन्ही योग आधीच दिवसभर धावताहेत आणि मी पहाटे पाचला आणखी एक धावपळ लावून दिली! तिला गरज होती ती थोडे थांबण्याची. हेमचंद्राचार्यांनीही बाराव्या शतकात योगशास्त्रात सांगून ठेवले आहे की प्राणायामात श्वासाशी झटापट केली तर मन शांत होण्याऐवजी त्रासते.

मान बरी झाल्यावर मी तिला एवढेच म्हणाले, "आता मी काही सांगणार नाही. मी माझा कायोत्सर्ग करते, वाटले तर शेजारी उभी राहा." दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून आली.

कायोत्सर्ग आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पायांत चार बोटांचे अंतर, हात सैल सोडलेले, पाठ सरळ पण ताठर नाही, नजर नाकाच्या शेंड्याकडे. बाहुबलींची मूर्ती डोळ्यांसमोर आणली की वेगळे शिकवावे लागत नाही. नऊ वेळा णमोकार, एका णमोकाराला तीन श्वास, म्हणजे २७ श्वास. पहिल्या श्वासात दोन पदे, दुसऱ्यात पुढची दोन आणि तिसऱ्यात शेवटचे पद विभागून. नातीने लगेच हिशेब मांडला. आपण एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास श्वास घेतो, तर २७ श्वास दोन मिनिटांच्या आत संपायला हवेत. पण मनातल्या मनात पदे म्हणत घेतले की तीन मिनिटे लागतात. म्हणजे श्वास आपोआप संथ होतो, जबरदस्ती करावी लागत नाही.

श्वास संथ झाला, विशेषतः सोडताना लांबला, की हृदयाचे ठोके सावकाश होतात आणि शरीराची 'संकट आले' ही अवस्था उतरते. घाबरलेले मन वाचलेले धरून ठेवत नाही, हे आपण स्वयंपाकघरातही अनुभवतो. पाहुणे दारात असले की मीठ घातले की नाही हेच आठवत नाही. आणि झोप नीट लागली तर दिवसा वाचलेले पक्के होते. नातीला पहिला फायदा झाला तो झोपेचाच.

आसनेही तिनेच निवडली, मोजकी आणि सोपी. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन आणि शेवटी शवासन. जमिनीवर पुस्तक ठेवून वाचायचे असेल तर वज्रासन. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला भुजंगासनाने उलटा ताण मिळतो, छाती मोकळी होते. सगळे मिळून वीस मिनिटे, उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तीन-चार तासांनी. पाळीच्या दिवसांत फक्त शवासन आणि श्वास. शीर्षासन नाही. ज्याला मानेवर भार येतो ते शिक्षकासमोरच करावे, मोबाइलसमोर नाही, हे आम्ही किंमत मोजून शिकलो.

अभ्यासाची युक्ती मात्र तिची स्वतःची. "आज्जी, तुझे सामायिक ४८ मिनिटांचे ना? मग मी ४८ मिनिटे अभ्यास करते, फोन तुझ्याकडे." दोन घटिकांचे हे माप तिला फार सोयीचे पडले. ४८ मिनिटे झाली की उठायचे, खांदे फिरवायचे, २७ श्वास घ्यायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा बसायचे. रात्री उशिरा वेफर्स खाणेही हळूहळू सुटले. रात्रीभोजनाचा नियम घे असे मी एकदाही म्हणाले नाही. सूर्यास्तापूर्वी गरम भाकरी आणि मुगाची आमटी तयार ठेवली, एवढेच केले.

आता निकालाचे सांगते, कारण सगळ्याजणी तेच विचारतात. चारही पेपरांत ४० च्या वर गुण मिळाले, पण एकूण १९३ झाले. सात गुणांनी राहिली.

निकाल बघून मी खोलीत जाऊन पदराने डोळे पुसत बसले होते. ती आली, माझा हात धरून उठवले आणि म्हणाली, "आज्जी, चल, २७ श्वास." आम्ही दोघी देवघरासमोर उभ्या राहिलो. माझे श्वास दोनदा चुकले, तिचे एकदाही नाही. मग तिने वही घेतली आणि कोणत्या पेपरात कुठे गुण गेले ते लिहायला बसली. पाच महिन्यांपूर्वी एक पान आठवेना म्हणून रडणारी हीच मुलगी!

योग केल्याने गुण वाढतात असे मी कुणाला सांगणार नाही. अभ्यास अभ्यासानेच होतो. पण अभ्यास करणारे शरीर दुखत नाही, मन घाबरत नाही, आणि सात गुण कमी पडले तरी माणूस मोडत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

तुमच्या घरात दहावी-बारावीचे, नीटचे, सीएचे कुणी असेल तर त्याला "योग कर" म्हणू नका. आपण उभे राहा, शेजारी थोडी जागा ठेवा. आणि तेव्हा आपलेही मन कुकरच्या शिट्टीकडे नसेल, एवढे बघा. मी अजून तेच शिकते आहे.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिने परवाच भरला. फोन आत्ता माझ्या टेबलावर आहे, अजून एकोणीस मिनिटे बाकी आहेत.

जय जिनेंद्र.