अरेत्सो ते क्युसी : कालव्याकाठची मुरमाची वाट

इटलीत सायकल चालवायची म्हटले की घाट चढणारे, घट्ट कपड्यांतले शर्यतीचे स्वार डोळ्यांसमोर येतात. ते खोटे नाही. तोस्काना प्रांतात सिएना शहराच्या आसपास पांढऱ्या मुरमाचे जुने रस्ते आहेत. त्यांना तिथले लोक ‘स्त्रादे ब्यांके’, म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात. हे रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून 1997 साली गायोले इन कियांती या गावातून 92 जण जुन्या धाटणीच्या सायकलींवर निघाले. त्या फेरीचे नाव ‘लेरोइका’. आज तिला हजारो लोक येतात, आणि 2007 पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिकांची मोठी शर्यतही होते. पण त्या रस्त्यांवर चढउतार फार आणि शेतकऱ्यांच्या मोटारीही येतात. आमच्यासारख्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि शाळेच्या पायऱ्या चढतानाही दमणाऱ्या माणसांचे ते काम नव्हे.

आम्ही निवडली ती वाट वेगळी. नाव ‘सेंतिएरो देल्ला बोनीफिका’. बोनीफिका म्हणजे दलदल काढून जमीन लागवडीखाली आणणे. अरेत्सो शहराजवळच्या बंधाऱ्यापासून क्युसी या गावापर्यंत 62 किलोमीटर, जवळजवळ सपाट, बहुतेक मुरमाची आणि बारीक खडीची. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला शेते. मोटारींना मज्जाव. मुख्य रस्ता ओलांडायचा प्रसंग अधूनमधून येतो, तेवढाच.

आमचा धाकटा भाऊ अरेत्सोत नोकरीला आहे. सोन्याच्या दागिन्यांचे हे शहर; साखळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो हिशेब पाहतो. तीन वर्षे बोलावत होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे गेलो : आम्ही दोघे नवरा-बायको आणि आठवीतून नववीत गेलेली मुलगी. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मुलीची सायकल दीड वर्षापासून माळ्यावर आहे. आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीला हायवेवर डंपरने उडवले. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह, पण ती शाळेत परत आली नाही. त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या मुलींच्या सायकली घरात गेल्या, आमच्या मुलीचीही. तेव्हापासून तिचे अब्बा तिला मोटारसायकलवर सोडतात, आणि ती वर्गमैत्रिणींना हात न करता खाली मान घालून उतरते. म्हणून मामूने फोनवर “इथे गाड्या नसलेला रस्ता आहे” म्हटले, तेव्हा मुलीने फोन आमच्या हातातून काढूनच घेतला.

आता ही वाट मुळात का झाली ते सांगितले पाहिजे, कारण कोकणातल्या वाचकांना त्यात ओळखीचे बरेच सापडेल. या खोऱ्याचे नाव वाल दी क्याना. रोमन काळी क्याना नदी दक्षिणेला वाहून रोमच्या तिबेर नदीला मिळत असे. रोमला पूर येतात म्हणून इ.स. 15 मध्ये तिथल्या सिनेटमध्ये चर्चा झाली, की ही नदी उत्तरेला आर्नोकडे वळवावी. फ्लोरेन्सचे लोक धावत गेले आणि आम्हाला बुडवू नका म्हणाले. बेत सोडून दिला गेला. पुढे शतकानुशतके खोऱ्यात गाळ साचला, उतार मरून गेला आणि पाणी कुठेच जाईना. मोठी दलदल झाली. हिवतापाने माणसे इतकी मरत, की दान्ते या कवीने आपल्या नरकवर्णनात उन्हाळ्यातल्या इथल्या रुग्णालयांचा दाखला दिला आहे. मलेरिया हा शब्दही इटालियनच. त्याचा अर्थ वाईट हवा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्दो दा विंची यांनी या खोऱ्याचा सुंदर नकाशा काढला, त्यात मध्यभागी हे पाणी लांबच लांब निळे पसरलेले आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस अरेत्सोच्याच वित्तोरियो फोसोम्ब्रोनी या गणितीने हे काम हाती घेतले. युक्ती साधी आणि फार चिकाटीची. खोलगट जमिनीला बांध घालायचे, पावसाळी नाल्यांचे गढूळ पाणी आत घ्यायचे, ते निवू द्यायचे, गाळ खाली बसला की वरचे निवळ पाणी सोडून द्यायचे. पुढच्या पुरात पुन्हा तेच. वर्षानुवर्षे जमीन बोटाबोटाने वर आली, आणि शेवटी अख्ख्या खोऱ्याचा उतार उलटा होऊन नदी बहुतांशी आर्नोकडे वाहू लागली. आमच्याकडे खाडीकाठी खारबंदिस्ती करून भातखाचरे राखणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तो फक्त विचारेल, बांध कोण सांभाळतो? इथे तो कालव्याचे कामगार सांभाळत. त्यांच्या येण्याजाण्यासाठी कालव्याच्या कडेने जी वाट ठेवली होती, तीच आजची सायकलवाट. कामगारांची जुनी घरे अजून वाटेत दिसतात.

पहिल्या दिवशी क्यूजा देई मोनाची या बंधाऱ्यापासून निघालो. मध्ययुगात मठातल्या भिक्षूंनी बांधलेला हा बंधारा, पाणी मोठ्या आवाजाने कोसळते. भाड्याच्या सायकली, जरा रुंद टायरच्या. मुरमावर बारीक टायर घसरतो, आणि हवा थोडी कमी ठेवली तर हातांना दणके कमी बसतात, हे दुकानदाराने खुणांनी समजावले. स्कार्फवर हेल्मेट नीट बसते. ओढणी मात्र मागे गाठ मारून घ्यावी, चाकात जाते. पहिले पाच किलोमीटर आम्ही मुलीला “कडेने, कडेने” ओरडत होतो. कडेने कशासाठी, ते आम्हालाही सांगता आले नसते. समोरून येत होती ती एक आजीबाई, सायकलच्या टोपलीत भाजी घेऊन. “बुओन्जोर्नो” म्हणून गेली.

दहाव्या किलोमीटरनंतर मुलगी पुढे गेली. आधी पाठ दिसत होती, मग लाल पिशवी, मग खसखशीच्या जातीच्या लाल रानफुलांमध्ये ती पिशवीही कळेना. तिचे अब्बा थांबले, पाय टेकला आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. कालव्यात एक बगळा उभा होता, गहू हिरवा होता, दूर टेकडीवर कोर्तोना गाव दिसत होते. वीस मिनिटांनी ती एका पुलाच्या कठड्यावर बसलेली सापडली, अर्धी बाटली पाणी पिऊन झालेली. “इतका वेळ काय करत होता?” असे तिनेच आम्हाला विचारले.

जेवणाचे थोडे सांगतो, कारण निघताना सगळ्यांनी तेच विचारले होते. तोस्कानाची रोटी मिठाशिवाय असते. पहिल्या घासाला फसल्यासारखे वाटते, पण ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो लावला की बरी लागते. घेवड्याच्या दाण्यांचे सूप सगळीकडे मिळते, मात्र त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा चरबी घालायची पद्धत आहे, तेव्हा “सेन्त्सा काऱ्ने, सेन्त्सा स्त्रुत्तो”, म्हणजे मांस नको, चरबी नको, हे पाठच करून ठेवावे. मुक्कामाच्या शेतघरातल्या बाईंनी हे ऐकल्यावर पातेल्याचे झाकण उघडून दाखवले. मामूने बांधून दिलेला खिमा-पाव पहिल्याच दुपारी संपला होता. याच खोऱ्यातले क्यानीना जातीचे पांढरेशुभ्र, अवाढव्य बैल एका गोठ्यात पाहिले. आमच्या खिल्लारला त्यांच्यापुढे वासरू म्हणावे लागेल.

दुसऱ्या दिवशी मोंतेपुल्चानोचे तळे आणि मग क्युसीचे तळे. जुन्या दलदलीचे उरलेले एवढेच पाणी, भोवती वेळू आणि पाखरे. सावली मात्र फार थोडी. जुलै-ऑगस्टमध्ये इकडे येऊ नये; एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. तळ्याजवळ पूर्वीच्या सरहद्दीवर समोरासमोर दोन बुरूज आहेत : एकाचे नाव ‘हे घे’, दुसऱ्याचे ‘ते घे’. सिएना आणि पेरुजावाल्यांचे शेजारप्रेम! क्युसी स्टेशनवरून अरेत्सोला रेल्वे आहे, आणि साध्या गाडीत सायकलचे वेगळे तिकीट काढून सायकल चढवता येते. वाटेत दमलात तर मधली स्टेशनेही आहेत.

अरेत्सोबाहेर इंडिकातोरे या वस्तीजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिथेही सायकलींनीच गेलो. बाराशेहून अधिक थडगी, आणि त्यात हिंदी फौजेचे कितीतरी जवान. मुसलमान जवानांच्या दगडांवर अरबी ओळ कोरलेली आहे. बऱ्याच जणांची रेजिमेंट पंजाबची, सरहद्दीची. 1944 च्या जुलैत या डोंगरांमध्ये लढाई झाली. आमच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, 10 जुलैला पूर्वेकडच्या तिबेर खोऱ्यात एकटे मशीनगनवर चालून गेले आणि पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आपण येता-जाता पाहतो. इथल्या मोंतोने गावात 2023 साली त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारले आहे. त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. आम्ही फातिहा पढलो. मुलगी रांगेने नावे वाचत होती, वये मोठ्याने म्हणत होती, मग म्हणायची थांबली.

परत आल्यावर तिच्या अब्बांनी एका रविवारी शाळेपर्यंतची खारबांधावरची वाट पायी चालून पाहिली. हायवेला वळसा पडतो, पण एकही गाडी नाही. दोन ठिकाणी बांध खचला आहे, एका उघडीवर फळी नाही, आणि जून ते सप्टेंबर तिथून जाता येणार नाही. ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. सायकल माळ्यावरून खाली आली. दोन्ही ट्यूब गेल्या होत्या. मुलीने दुकानात विचारले, रुंद टायर बसेल का? बसत नाही म्हणाला.