उलटतपासणी

न्यायालयात वीस वर्षे उभे राहिल्यावर माणसाला एक खोड जडते. समोरचा बोलू लागला की त्याच्या बोलण्यातली फट शोधायची! घरी मुलांशी बोलतानाही आमची ही खोड सुटत नाही, अशी आमच्या सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे. ती किती खरी आहे याचा प्रत्यय आम्हाला गेल्या वर्षी आला.

भोपाळच्या तुळशीनगरात आमचे एक स्नेही राहतात. घर सात्त्विक, देवघरात कुलदेवतेची तसबीर, सायंकाळी शुभंकरोती. एका रात्री त्यांचे सोळा वर्षांचे चिरंजीव मोठ्या तलावाच्या काठी मित्रांसह बिअर पिताना पोलिसांच्या हाती सापडले. आम्ही ठाण्यावर धावलो, रदबदली केली आणि समज देऊन मुलाची सुटका झाली. परतताना आम्ही एकच प्रश्न केला, "किती प्यायलास?"

"अर्धी बाटली, काका."

प्रकरण मिटले असे मानून आम्ही स्वस्थ झोपलो.

दोन महिन्यांनी त्याच्या आईला जुन्या वह्यांमागे रिकाम्या बाटल्या सापडल्या. तेव्हा कुठे त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात आले. डॉक्टरीणबाईंनी प्रथम त्याच्या वडिलांना नि आम्हाला बाहेर बसवले. पक्षकाराला आत एकटे सोडून बाहेर बसण्याचा आमचा तो पहिलाच प्रसंग!

पुढे बाईंनी आपली रीत समजावून सांगितली. अशा मुलांसाठी बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९९९ साली सहा प्रश्न प्रसिद्ध केले. प्यालेल्या माणसाच्या वाहनात बसलास का, मन हलके करण्यासाठी घेतोस का, एकट्याने घेतोस का, केलेले विसरतोस का, घरचे वा मित्र कमी कर म्हणतात का, त्यापायी अडचणीत आलास का? दोन 'हो' आले की सखोल तपास करायचा. आमच्या भाषेत हा प्रथमदर्शनी पुरावा झाला, निकाल नव्हे. निदान त्यानंतरचे, ते ११ लक्षणांवरून होते आणि बारा महिन्यांत त्यांपैकी किमान दोन दिसावी लागतात. हात थरथरण्यासारखी लक्षणे या वयात क्वचितच दिसतात, म्हणून ती नाहीत एवढ्यावरून मूल निरोगी ठरत नाही. कायद्याच्या कचाट्यात सापडणे हे पूर्वी एक लक्षण मानले जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीतून ते वगळले गेले. आम्ही मात्र नेमके तेवढेच पाहिले होते.

घरी सोडताना मुलगा आपण होऊन म्हणाला, "चार प्रश्नांना हो म्हणालो, काका. एकट्याने घेतोस का, यालासुद्धा."

"पहिल्यांदा कधी घेतलीस?" आमची खोड पुन्हा उफाळली.

तो जरा घुटमळला. "ताईच्या लग्नाच्या आदल्या रात्री. तुम्ही सगळे गच्चीवर बसला होतात. घोटभर तुम्हीच दिली होतीत."

वाचकहो, बालन्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ आम्हाला तोंडपाठ आहे. वैद्यकीय आदेशावाचून मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड! मध्य प्रदेशात मद्यविक्रीला ग्राहकाच्या एकवीस वर्षे वयाची अट आहे, हेही आम्ही अनेकांना ऐकवले आहे. गच्चीवर त्या रात्री आम्ही हसत होतो, एवढेच आठवते. त्या एका घोटानेच सारे घडले असे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. पण हा युक्तिवाद आपल्याच बचावासाठी करण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

मुलाचे उपचार चालू आहेत. परवा गणपतीच्या आरतीनंतर तो आमच्या शेजारी येऊन बसला. दोन-तीन प्रश्न जिभेवर आले होते; ते आम्ही प्रसादाबरोबर गिळले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तोच बोलू लागला, आणि आम्ही, फट न शोधता, ऐकत राहिलो.