मागे वळून ऐकताना

टॉक टॉक हा लंडनचा बँड 1981 साली उभा राहिला आणि दहा वर्षांत पाच अल्बम करून थांबला. पहिल्या अल्बममधल्या सिंथेसायझरच्या ठेक्यावर सहज नाचता येते. शेवटच्या अल्बमची सुरुवात अँप्लिफायरच्या बारीक खरखरीने होते आणि सुमारे पंधरा सेकंद तेवढीच ऐकू येत राहते. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, याची उकल चाहते तीन दशकांहून अधिक काळ करत आले आहेत. त्यांची एक लाडकी हकीकत आहे : कंपनीच्या सांगण्यावर चालणारा पॉप बँड एके दिवशी जागा झाला आणि 1988 च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’ने त्याने आपले पूर्वायुष्य पुसून टाकले. हकीकत सुरेख आहे. मात्र आधीच्या गाण्यांवर, आणि ती गाणी जिवापाड आवडणाऱ्यांवर, तिने मोठा अन्याय केला आहे.

सुरुवातीला बँडमध्ये चौघे होते : गायक मार्क हॉलिस, ड्रम्सवर ली हॅरिस, बेस गिटारवर पॉल वेब आणि कीबोर्डवर सायमन ब्रेनर. करार ईएमआय कंपनीशी झाला. त्याच कंपनीचा ड्युरान ड्युरान हा बँड तेव्हा जोरात होता. दोघांचे निर्माते एकच, कॉलिन थर्स्टन; नावातली द्विरुक्तीही तशीच; शिवाय ड्युरान ड्युरानच्या दौऱ्यात टॉक टॉकने आधीची हजेरी लावलेली. त्यामुळे ‘द पार्टीज ओव्हर’ (1982) बाजारात आला तेव्हा बँडवर शिक्का बसलेलाच होता. हॉलिस पुढे सांगत असे की, सिंथेसायझर वापरला तो वादकांना द्यायला पैसे नव्हते म्हणून. या कबुलीचा आधार घेऊन चाहते सुरुवातीचे सगळेच गाणे नाइलाजाचे ठरवतात, आणि तिथे त्यांचे चुकते. वाद्य नाइलाजाने हाती आले असेल. त्या वाद्यावर रचलेली चाल नाइलाजाची नाही.

1984 च्या ‘इट्स माय लाइफ’ अल्बमपासून टिम फ्रीझ-ग्रीन निर्माता आणि सहरचनाकार म्हणून हॉलिसच्या सोबत आला. शीर्षकगीताच्या व्हिडिओत दिग्दर्शक टिम पोपने वन्यप्राण्यांची दृश्ये दाखवली आहेत आणि मधूनमधून हॉलिस प्राणिसंग्रहालयात उभा दिसतो. गाणे चालू असते, पण त्याचे ओठ मिटलेले असतात. वर चितारलेल्या रेघा पुन्हापुन्हा त्याचे तोंड झाकून टाकतात. तयार गाण्यावर ओठ हलवण्याचा खोटेपणा त्याला नको होता. कंपनीने दुसरा व्हिडिओ करायला लावला, तेव्हा त्याने ओठ इतके अतोनात हलवले की, त्यातला विरोध कुणाच्याही लक्षात यावा. ‘स्पिरिट ऑफ ईडन’ला अजून चार वर्षे अवकाश होता आणि माणूस हाच होता. त्याच अल्बममधले ‘सच अ शेम’ जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटलीत गाजले. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र ‘इट्स माय लाइफ’ची सिंगल 46 व्या क्रमांकापलीकडे गेली नाही.

‘द कलर ऑफ स्प्रिंग’ (1986) हा खरा सांधा आहे. सिंथेसायझर जवळपास हद्दपार झाले, स्टीव्ह विनवुडचा ऑर्गन आला, खरे वादक स्टुडिओत बसू लागले. अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेला आणि ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’चा पियानोचा घाट लोकांच्या कानात बसला. याच अल्बममध्ये ‘एप्रिल फिफ्थ’ आणि ‘कॅमेलियन डे’ ही दोन गाणी आहेत. त्यांत ठेका जवळजवळ नाहीच. आवाज तुटक ओळी म्हणतो आणि मधली जागा रिकामी सोडतो. 1986 मध्ये ती दोन हिट गाण्यांमधली विश्रांती वाटली असतील. पुढचा अल्बम ऐकलेल्याला त्यांतच पुढचे सगळे ऐकू येते.

या यशामुळे कंपनीने पुढच्या अल्बमसाठी हात सैल सोडला. पॉप गाण्यांना नाके मुरडणाऱ्या चाहत्यांनी हे विसरू नये : ‘स्पिरिट ऑफ ईडन’चा खर्च त्याच गाण्यांनी भागवला. 1987 ते 1988 या काळात बँड उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत बसला. ही एका जुन्या चर्चशी जोडलेली वास्तू. द क्लॅश बँडचा ‘लंडन कॉलिंग’ अल्बम इथेच ध्वनिमुद्रित झाला होता. ध्वनियंत्रणा फिल ब्राउनने सांभाळली आणि पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या दिवसांबद्दल लिहिले. स्टुडिओत अंधार असे. उजेड काय तो तेलाच्या रंगीत ओघळांचे प्रोजेक्टर आणि फिरून फिरून उघडझाप करणारा स्ट्रोब यांचा. बाहेरून आलेल्या वादकाला अशा अंधारात बसवायचे, फारसे काही न सांगता वाजवू द्यायचे, आणि तासन्‌तासांच्या त्या वादनातून हॉलिस व फ्रीझ-ग्रीन यांनी काही क्षण उचलायचे, बाकी सोडून द्यायचे. डबल बास वाजवणारा डॅनी थॉम्प्सन, व्हायोलिनवादक नायजेल केनेडी, ट्रम्पेटवर हेन्री लोथर, हार्मोनिकावर मार्क फेल्टहॅम अशी नामवंत मंडळी येऊन गेली. चेम्सफर्ड कॅथीड्रलचा गायकवृंदही आला. दोन सूर वाजवण्याआधी एक वाजवायला शिका, आणि कारण असल्याशिवाय तोही वाजवू नका, असे हॉलिसचे म्हणणे होते. अल्बम त्या म्हणण्याला शेवटपर्यंत जागला.

सहा गाणी, सुमारे 41 मिनिटे. पहिली तीन गाणी एकमेकांत मिसळून रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापतात. ‘द रेनबो’त लांबून आल्यासारखा ट्रम्पेट येतो, तंतुवाद्ये हलकेच सरकतात, मध्येच सगळे थांबते. दोन मिनिटे उलटली तरी गायकाचा पत्ता नसतो. मग गिटार, फाटक्या आवाजाची हार्मोनिका, आणि त्यानंतर हॉलिस. शब्द तो इतके आत ओढून म्हणतो की, ते ऐकायला पुढे झुकावे लागते. असे झुकून बसलेल्या श्रोत्यावर ‘डिझायर’मध्ये ऑर्गन, ड्रम्स आणि गिटार एकदम कोसळतात आणि तितक्याच झटक्यात निघून जातात. रॉकमध्ये मोठा आवाज नेहमीचाच. एवढ्या शांततेतून कमावलेला मोठा आवाज दुर्मीळ.

अल्बम ब्रिटनमध्ये 19 व्या क्रमांकापर्यंत गेला आणि लवकरच खाली आला. बँडने दौरा केला नाही. हे संगीत रोज रात्री जसेच्या तसे उभे करणे शक्यच नव्हते. ज्यांनी दोन वर्षांपूर्वीचा अल्बम डोक्यावर घेतला होता, त्यांतल्या अनेकांची निराशा झाली. मागाहून त्यांना उथळ म्हणण्याची रीत पडली. पण आवडता बँड आपल्याला न विचारता निघून गेला, तर त्याचे दुःख खरेच असते. ते किती जण होते, याची खूण 1990 मध्ये मिळाली. ईएमआयने ‘नॅचरल हिस्टरी’ हे जुन्या गाण्यांचे संकलन काढले आणि ते दहा लाखांवर खपले. त्या निमित्ताने पुन्हा आलेली ‘इट्स माय लाइफ’ची सिंगल या खेपेस 13 व्या क्रमांकावर पोहोचली.

तोवर कराराच्या मुदतीवरून कंपनी आणि बँड कोर्टात गेले होते. अपिलात निकाल बँडच्या बाजूने लागला. 1991 मध्ये कंपनीने न विचारता इतरांकडून रीमिक्स करवून घेतलेला अल्बम काढला, तेव्हा बँडने पुन्हा दावा लावला आणि शिल्लक प्रती नष्ट कराव्या लागल्या.

त्याच वर्षी व्हर्व्ह या दुसऱ्या कंपनीतर्फे शेवटचा अल्बम ‘लाफिंग स्टॉक’ आला. पॉल वेब तोपर्यंत बाहेर पडला होता. ‘आफ्टर द फ्लड’मध्ये एकच सूर ताणत, घासत, फाटेपर्यंत नेलेला आहे, ‘असेन्शन डे’ ऐन भरात कात्रीने कापावे तसे तुटते. त्यानंतर बँड संपला. हॉलिसने 1998 मध्ये स्वतःच्या नावाचा एक अल्बम केला, जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवरचा, आणि कुटुंबात राहण्यासाठी संगीतातून निवृत्ती घेतली. 2019 च्या फेब्रुवारीत, 64 व्या वर्षी तो गेला.

चाहत्यांचे मागे वळून पाहणे मुख्यतः बँड थांबल्यानंतरच्या मौनात वाढले. समीक्षक सायमन रेनॉल्ड्सने 1994 मध्ये ‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा चालवली आणि शेवटचे दोन अल्बम त्या धारेचे मूळ मानले जाऊ लागले. नंतर आलेल्या संगीतकारांनी ऋण मान्य केले, समीक्षकांच्या याद्यांत नावे आली, फिल ब्राउनच्या पुस्तकाने अंधाऱ्या स्टुडिओची दंतकथा घरोघर नेली. हॉलिस मुलाखतींना उभा राहत नव्हता, त्यामुळे खुलासा करायलाही कोणी नव्हते. रिकाम्या जागेत चाहत्यांनी एक साधुपुरुष बसवला. साधूच्या चरित्रात आधीचे आयुष्य पापाचे असावे लागते, म्हणून पहिले तीन अल्बम पापाच्या खात्यात गेले.

नवे श्रोते मात्र या हिशेबात अडकत नाहीत. कोणी 2003 मध्ये नो डाउट बँडने गायलेल्या ‘इट्स माय लाइफ’वरून मूळ गाण्याकडे आले, कोणी थेट ‘स्पिरिट ऑफ ईडन’पासून सुरुवात करून मागे 1982 कडे निघाले. त्यांना बँड वाटेत सोडून गेला नाही, म्हणून दिशा बदलल्याचा रागही नाही. ‘सच अ शेम’मधला कळवळून वर जाणारा आवाज त्यांना ‘डिझायर’मधल्या आवाजाचाच धाकटा भाऊ वाटतो, आणि 1984 चे सिंथेसायझर ते माफी न मागता ऐकतात.